खंडेनवमीला पात्यावर उमटलेला अंगठा : जमवलेल्या चाकूंचा गंज काढताना आणि टाळताना

गेल्या खंडेनवमीला चाकू बाहेर काढले, पाटावर मांडले आणि ओपिनेल हा माझा फ्रेंच मिटता चाकू उघडला, तर पात्यावर अंगठा. अक्षरशः अंगठा. तांबूस बारीक रेघा, मध्ये भोवरा, एका बाजूला जुन्या कापल्याची तिरकी खूण. माझा नव्हता. गणपतीत डोंबिवलीचा भाचा आला होता. त्यानं चाकू बघितला, पातं अंगठ्यानं दाबून मिटलं आणि जागच्या जागी ठेवून दिला. महिनाभर तो अंगठा आत बसून लोखंड खात होता.

मी तेवीस वर्षं बोटीवर होतो, शेवटची नऊ बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम म्हणून. डेकवरच्या माणसाचा निम्मा जन्म गंज काढण्यात जातो. चिपिंग हातोडी, वायर ब्रश, रेड ऑक्साइड, रंग. एका टोकापासून दुसऱ्या टोकाला पोचलो की पहिलं टोक पुन्हा लाल. पण तिथला पत्रा जाड असतो, थोडा गेला तरी कुणी मोजत नाही. माझ्या ओपिनेलचं पातं दोन मिलीमीटरसुद्धा जाड नाही. त्याला बोटीची पद्धत लावली तर गंज जाईल, चाकूही जाईल. हे मला एक खुकरी बिघडवून मग कळलं. ती गोष्ट पुढे येईल.

चाकू फार नाहीत, अकरा आहेत. बंदरात उतरलो की लोक घड्याळं, सेंट घ्यायचे, मी चाकू घ्यायचो आणि घरी येताना चेक-इन बॅगेत टाकायचो. ओपिनेल मार्सेय बंदरात घेतलेला. फ्रान्सच्या साव्हॉय भागात जोसेफ ओपिनेल यानं १८९० मध्ये हा चाकू बनवायला सुरुवात केली. बीचच्या लाकडाची मूठ, पात्यावर मुकुट घातलेल्या हाताची खूण. माझा आठ नंबर, साडेआठ सेंटिमीटर पात्याचा, साध्या कार्बन पोलादाचा. स्टेनलेसचाही मिळतो, पण त्याची धार मला तितकी आवडत नाही. गुहागरात समुद्रापासून दोन शेतं सोडून राहणाऱ्या माणसानं कार्बनचा चाकू ठेवणं म्हणजे हौसेनं घेतलेलं दुखणं, हे बायकोचं मत आहे आणि ते बरोबर आहे.

आधी तो अंगठा का उमटला ते सांगतो, कारण सगळा इलाज त्यावरच उभा आहे. लोखंड, हवा आणि पाणी एकत्र आलं की गंज धरतो, हे शाळेत शिकलो. पात्यावर पाणी ओतलं नव्हतं, मग पाणी आलं कुठून? जुलैत मिठाची बरणी बघा. तांदळाचे दाणे टाकले तरी मीठ पाझरतं. हवेतला दमटपणा साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेला की मीठ स्वतःच हवेतलं पाणी ओढून विरघळायला लागतं, आणि आमच्याकडे पावसाळाभर दमटपणा त्याच्या वरच असतो. घामात मीठ असतं. म्हणजे भाच्यानं पात्यावर मिठाच्या रेघा काढल्या, त्या रेघांनी हवेतून पाणी ओढलं, आणि जिथे पाणी तिथे गंज. खाऱ्या वाऱ्यातलं मीठही हेच काम करतं, फक्त ते सगळीकडे सारखं बसतं म्हणून चित्र उमटत नाही.

आता डाग दिसला की पहिलं काम घासायचं नाही, बघायचं. चाकू खिडकीपाशी न्या, उजेड तिरका पडू द्या. केशरी-तांबडं, पिठासारखं, नखाला किंचित वर आलेलं लागत असेल तर तो चालू गंज, तो काढायचा. निळसर करडी किंवा काळपट छटा, बोटाला गुळगुळीत, म्हणजे ती पोलादाची जून कांती. कार्बनच्या पात्यानं चार आंबे कापले की हीच निळी झाक येते. ती चाकूचं थोडंफार रक्षणच करते, आणि जुन्या चाकूची किंमत पुष्कळदा तिच्यातच असते. ती घासून पातं आरशासारखं करणारे लोक आहेत. मी त्यांच्या हातात माझा चाकू देत नाही. तिसरा प्रकार काळ्या टिंबांचा. सुईचं टोक अडकेल असे खड्डे. तिथलं लोखंड गेलेलं आहे, ते परत येणार नाही.

खात्री नसेल तर पांढऱ्या सुती चिंधीवर तेलाचा एक थेंब घेऊन डाग हलके पुसा. चिंधी तांबडी झाली तर गंज. करडी किंवा कोरीच राहिली तर बहुतेक हात लावायची गरज नाही.

मोबाइलवर दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा. मग बनवणाऱ्याची खूण, अक्षरं, नक्षी जिथे असेल तिथे कागदी चिकटपट्टी लावा. ओपिनेलच्या मुकुटवाल्या हातावर मी दोन थर लावले. धारेवरही पट्टी लावा, ती आपल्या बोटांसाठी. पातं हवेत धरून घासू नका. पाटावर जुना टॉवेल घडी करून ठेवा, त्यावर पातं आडवं पडलेलं असू द्या, मूठ डाव्या हातात, आणि उजवा हात मुठीकडून टोकाकडे लांबीनं चालवा. गोल गोल नको. पात्यावर कारखान्यातल्या घासणीच्या बारीक रेघा असतात, त्यांच्याच दिशेनं गेलात तर तुमच्या रेघा त्यांत मिसळतात. आडवे गेलात तर आयुष्यभर दिसतात. ओपिनेलच्या मानेशी असलेलं कडं फिरवून पातं उघडं असतानाच पक्कं करून घ्या. हे कडं १९५५ साली आलं, त्याआधीचे चाकू बोटावर मिटायचे.

पहिली पायरी तेल. शिवणयंत्राचं पातळ तेल घ्या, डागावर चार थेंब सोडा आणि रात्रभर विसरून जा. गंज लोखंडापेक्षा फुगीर आणि सच्छिद्र असतो, तेल त्याच्यात मुरतं आणि तो ढिला होतो. सकाळी चिंधीनं पुसा. नवा, वरवरचा गंज पुष्कळदा इथेच निम्मा जातो. भाच्याच्या अंगठ्याच्या कडेच्या रेघा गेल्या, भोवरा राहिला.

दुसरी पायरी माझी लाडकी आहे. घरातल्या जुन्या नाण्यांत भोकाचा पैसा शोधा. १९४३ ते १९४७ या काळात पाडलेला, मध्ये मोठं भोक असलेला कांस्याचा पैसा. आमच्याकडे आजीच्या कनवटीतले सहा-सात आहेत. कांसं गंजापुरतं घट्ट असतं, पण पाणी देऊन कडक केलेल्या पोलादापेक्षा मऊ. तेल टाकून नाण्याची कड डागावर तिरकी धरायची आणि हलकेच ओढायची, शाई खरवडावी तशी. गंजाची तपकिरी चिखलासारखी पेस्ट कडेला जमते, ती पुसायची, परत थेंबभर तेल, परत ओढायचं. पोलादावर ओरखडा उठत नाही. कधी नाण्याचीच पिवळसर झाक पात्यावर बसते, ती पुढच्या पायरीला निघून जाते. नाणं नसेल तर तांब्याच्या जाड तारेचं टोक ठेचून चपटं करा. मुकुटाच्या खुणेजवळ नाणंही नको. तिथे मी बांबूची काडी चाकूनं चपटी तासून, तेलात बुडवून चालवतो.

भोवऱ्याला नाण्यानं पाऊण तास लागला. एक प्याला चहा, रेडिओवरच्या बातम्या, आणि दर पाच मिनिटांनी पुसून बघणं. पाऊण तास ऐकून नाक मुरडू नका. घाईनं घासायचा कागद मारला असता तर दोन मिनिटांत झालं असतं आणि चकचकीत ठिगळ दिसलं असतं.

तरीही सावली उरली तर धातूचं पॉलिश. पितळेसाठी घरोघरी असतं ते ब्रासो चालतं. चिंधीच्या टोकाला मुगाएवढं घ्या, वीस वेळा हात फिरवा, पुसा, बघा. नंतर स्पिरिटच्या बोळ्यानं सगळं साफ करा, पॉलिशचा पांढरा पापुद्रा सांध्यात राहिला तर तोच ओल धरतो. त्याच्याही पुढे जायचं तर शून्य-शून्य-शून्य-शून्य नंबरची स्टील वूल, तेलासकट. ही फर्निचरला पॉलिश करणाऱ्यांकडे मिळते, कापसासारखी मऊ असते. भांड्यांची तारेची घासणी म्हणजे ही नव्हे. कागदाची पाळी आलीच तर २००० नंबरचा वॉटर पेपर, तेल लावून, आणि तोही फक्त वापरायच्या चाकूवर. जमवलेल्या चाकूवर मी कागद लावत नाही.

मग खड्डे. गंज खड्ड्याच्या तळाशी असतो. तो बांबूच्या काडीनं, तेल सोडून सोडून कोरून काढायचा. खड्डा काळा राहिला तरी चालेल, तांबडा राहता कामा नये. तो सपाट करायचा हट्ट धरलात तर आजूबाजूचं सगळं पातं त्या खोलीपर्यंत उतरवावं लागतं.

आता घरच्या उपायांबद्दल. चिंच, लिंबू, आमसूल, व्हिनेगर यांनी गंज जातो, खोटं नाही. आंबट गंजाला खातं. पण गंज संपल्यावर ते थांबत नाही, खालचं पोलादही खातं आणि पात्याला मेलेला करडा रंग आणतं. शिवाय पातं धुऊन बाजूला ठेवलं की दहा मिनिटांत पातळ तांबडी साय येते, कारण आता ते उघडंबोडकं असतं. तांब्या-पितळेच्या भांड्यांना जे लावतो ते पोलादाला लावू नका. राख आणि विटेची भुकटी विळीला ठीक. हार्डवेअरच्या दुकानातले गंज काढायचे द्रव बहुतेक आम्लाचेच असतात, फाटकाच्या कड्यांना उत्तम.

आणि मशीन नको. माझी खुकरी दार्जिलिंगच्या एका खलाशानं दिलेली, ट्रकच्या पाट्याच्या स्प्रिंगमधून घडवलेली. चामड्याच्या म्यानात दोन पावसाळे राहिली आणि पात्यावर हातभर लांब तांबडा पट्टा आला. मी सुट्टीवर आलेला, बारा दिवस हातात. भांड्यांना पॉलिश करणाऱ्या एका दुकानात दिली, संध्याकाळी आणली. चकचकीत! पण मुठीजवळची खाच गोलसर झालेली, लोहाराची खूण पुसलेली, आणि टोकाला मोरपंखी निळा रंग. निळा दिसला तेव्हा पोटात खड्डा पडला. पोलाद तीनशे अंशांच्या आसपास तापलं की तो रंग येतो, म्हणजे टोकाचं पाणी उतरलं, ते मऊ पडलं. त्या माणसाची चूक नव्हती, त्यानं पातेल्याला करतो ते केलं. देणारा मी होतो.

पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी जौहराची नक्षी असेल, किंवा मुठीवर सोन्या-चांदीच्या तारेचं काम असेल, तर वरचं काहीच करू नका. पातळ तेल लावा, थांबा आणि संग्रहालयात संवर्धनाचं काम केलेल्या माणसाला दाखवा. जौहर घासून गेला तर परत काढणं तुमच्या-माझ्या हातचं नाही.

एवढं झालं की पातं कोमट साबणाच्या पाण्यानं पुसा, ताबडतोब कोरडं करा, हेअर ड्रायर असेल तर मिनिटभर फिरवा. मिटणाऱ्या चाकूची मूठ पाण्यात बुडवायची नाही. ओपिनेलची बीचची मूठ पावसाळ्यात अशी फुगते की पातं आत अडकतं, नख तुटतं पण पातं निघत नाही. साव्हॉयची माणसं यावर मूठ आपटायची युक्ती वापरतात : कडं मोकळं करायचं आणि मुठीचं मागचं टोक लाकडी कडेवर ठक्‌ करून मारायचं, पातं झटक्यानं थोडं वर येतं. कायमचा उपाय म्हणजे कोरड्या दिवसांत, मार्च-एप्रिलात, सांध्यात थोडं व्हॅसलीन भरून ड्रायरनं तापवायचं. ते वितळून लाकडात मुरतं आणि पुढच्या पावसात लाकूड पाणी कमी पितं. कड्याखालीही एक थेंब तेल सोडून ते दोनदा फिरवा. तिथला गंज दिसत नाही, फक्त कडं जड फिरायला लागतं.

आता टाळायचं कसं. तेल कोणतं, यावर मी पुष्कळ पैसे घालवले आहेत. खोबरेल नको, थंडीत गोठतं, काही महिन्यांत खवट होऊन चिकट पिवळा थर होतो. जवसाचं तर वाळून वार्निशच बनतं. डब्ल्यूडी-४० या स्प्रेचं नावच 'पाणी हटवणारा चाळिसावा प्रयोग' असं आहे, ते काम ते झकास करतं, पण त्यातला बराच भाग उडून जातो. पावसाळाभर त्याच्या भरवशावर राहू नका. मला पटलेली वस्तू औषधाच्या दुकानात मिळते : लिक्विड पॅराफिन. पोट साफ व्हायला देतात तेच. स्वच्छ खनिज तेल, वास नाही, खवट होत नाही, फळ कापलं तरी चिंता नाही. मी एकदम चार बाटल्या मागितल्या तेव्हा दुकानदारानं फार सहानुभूतीनं बघितलं होतं.

लावायच्या आधी स्पिरिटनं पातं पुसा, नाहीतर आधीचे बोटांचे ठसे तेलाखाली झाकले जातात आणि आपलं काम चालू ठेवतात. मग दोन थेंब चिंधीवर, पात्यावर नाही. पुसल्यावर पातं ओलं दिसता कामा नये, फक्त श्वास सोडला तर धुकं वेगळं बसावं. जास्त तेल धूळ धरतं, आणि धूळ ओल धरते. वर्षानुवर्षं उघडायचा नसलेला चाकू असेल तर तेलाऐवजी मायक्रोक्रिस्टलाइन मेण. ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत संग्रहातल्या वस्तूंसाठी तयार झालेला प्रकार आहे. डबी महाग वाटते, पण माझी सहा वर्षं पुरली आहे आणि अजून निम्मी आहे.

ठेवायचं कुठे? म्यानात नाही. चामडं कमावताना वापरलेले क्षार आणि आम्लं त्यात राहतात, शिवाय ते ओल शोषून पात्याला मिठी मारून बसतं. म्यान वेगळं, पातं वेगळं. खुकरीच्या म्यानाच्या मागच्या कप्प्यात दोन छोटी पाती असतात, कर्दा आणि चकमक. त्यांना कुणी बाहेर काढत नाही म्हणून गंज पहिल्यांदा तिथेच लागतो, तीही काढून ठेवा. जपानच्या मिकी गावचा माझा हिगोनोकामी चाकू पितळेच्या दुमडलेल्या पत्र्यात मिटतो. पितळ आणि पोलाद खाऱ्या ओलीत एकमेकांना टेकले की भोगतं पोलादच. त्यामुळे त्याच्या पात्याची पाठ जिथे पितळेला लागते तिथे मी मेण लावतो. आणि स्टेनलेसवाल्यांनी फार निश्चिंत राहू नये. त्यात क्रोमियम किमान साडेदहा टक्के असतं, त्यामुळे गंज उशिरा येतो, येतच नाही असं नाही. खाऱ्या वाऱ्यात चहासारखे डाग पडतात.

माझी सगळी पाती रबरी कडेच्या, घट्ट झाकणाच्या पंधरा लिटरच्या प्लॅस्टिक डब्यात असतात. प्रत्येक धुतलेल्या, बिनरंगाच्या सुती कापडात. वर्तमानपत्रात नाही. आत २०० ग्रॅम ओल शोषणारं सिलिका जेल आणि एक छोटा दमटपणा दाखवणारा काटा. जुलैत पडवीत काटा ८८ दाखवतो, डब्यात ४० ते ४५. पन्नासच्या वर गेला की जेल बदलायचं. रंग बदलणारं जेल घ्या, पण निळ्यापेक्षा केशरी बरं. निळ्यात कोबाल्टचं मीठ असतं आणि ते स्वयंपाकघरात नको. केशरी ओलं झालं की हिरवं पडतं, मग ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन तास, परत केशरी. हिरव्या पडलेल्या जेलचा डबा म्हणजे नुसता डबा.

खंडेनवमीची पूजा करायचीच, पण गंध-कुंकू आणि फूल मुठीला. पूर्वी मी पात्यावर ओलं कुंकू लावायचो, वर झेंडू, आणि दुसऱ्या दिवशी सीमोल्लंघन आटोपून रात्री चाकू उचलायचो. फुलाखाली बरोबर फुलाएवढा डाग. अक्षता टाकल्या तर त्याही कोरड्या टाका.

वेळापत्रकाचं म्हणाल तर मोठं काम मृगाच्या आधी, मेच्या शेवटच्या आठवड्यात : सगळं उघडायचं, स्पिरिट, तेल, मेण, जेल भाजणं. नंतर महिन्यातून एकदा नुसतं बघायचं. तारीख माझ्या लक्षात राहायची नाही, म्हणून मी संकष्टी धरली. बायकोचा उपास असतो, चंद्रोदयापर्यंत घरात कुणाला जेवायची घाई नसते. अकरा चाकू उघडून, पुसून, काटा बघून झाकण लावायला चाळीस मिनिटं लागतात.

भाच्याचा अंगठा गेला म्हणावा तर गेला. उजेड अगदी तिरका धरला तर भोवऱ्याच्या जागी पोलाद किंचित निस्तेज दिसतं. ते घालवायचं तर खालचं लोखंड उतरवावं लागेल, म्हणून राहू दिलं आहे. यंदा तो आला की त्याला दाखवणार आहे. डब्यात आता पांढरे सुती हातमोजेही ठेवलेत, दोन जोड.